तालमीच्या चिखलातला शिकारी

"तुमच्या गावातलं सगळ्यात घाणेरडं पाणी कुठलं गं?"

मंगलआज्जीनं हा प्रश्न विचारला तेव्हा ईश्वरी दवाखान्याच्या गॅलरीत बसून डबा खात होती. तिचा घास हातातच राहिला. मंगलआज्जी म्हणजे साधीसुधी आज्जी नव्हे. ईश्वरीच्या बाबांची ती सख्खी आत्या, डॉ. मंगल मगदूम. याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा होती. हात धुतल्याशिवाय ती स्वतःच्या चष्म्यालाही हात लावत नसे. अशा बाईला घाणेरडं पाणी हवं होतं, आणि तेही औषधासाठी!

तुम्ही नाक मुरडलंत ना? ईश्वरीनंही मुरडलं. पण फार वेळ नाक मुरडून चालणार नव्हतं. आत खाटेवर तिची केतकीताई झोपली होती आणि ताईचा पाय जायची वेळ आली होती.

केतकी मगदूम म्हणजे माळेवाडीच्या तालमीतली सगळ्यात चपळ पैलवान. महिन्याभरापूर्वी सराव करताना तिची नडगी कुंपणाच्या पत्र्याला घासली. जखम एवढीशी. असल्या जखमेसाठी तालमीतलं कुणी डॉक्टरकडे जात नसे, कारण तालमीत एक जुनी रीत होती. कोनाड्यात एक डबा ठेवलेला असे. गावात कुणाचंही आजारपण संपलं की उरलेल्या कॅप्सूल त्या डब्यात येऊन पडत. मग कुणालाही खरचटलं, की आनंदावस्ताद त्यातल्या दोन काढून त्याच्या हातावर ठेवत. गोळी कुठल्या रोगावरची, हे बघायची पद्धतच नव्हती. लाल रंगाची असली तर तिच्यात जोर जास्त, एवढंच काय ते शास्त्र.

केतकीनं दोन लाल कॅप्सूल घेतल्या आणि पुन्हा लाल मातीत उतरली. आठवड्याभरात नडगी सुजली, जखमेतून हिरवट पू येऊ लागला आणि ताप चढला. कोल्हापूरच्या दवाखान्यात आल्यावर डॉक्टरांनी तिच्या पायावर जाणती पट्टी (जखमेतले जिवाणू वाढले की रंग बदलणारी पट्टी) बांधली. ती पांढरी असायला हवी होती, पण तासाभरात गर्द नारिंगी झाली. त्यानंतर पाच वेगवेगळी औषधं देऊन झाली, तरी पट्टीनं रंग बदलला नाही. शेवटी डॉक्टर आईबाबांना बाजूला घेऊन म्हणाले, की आठवड्याभरात उतार पडला नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. ईश्वरी दाराआडच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

म्हणून ती डबा तसाच झाकून आज्जीच्या मागोमाग जिना चढली.

प्रयोगशाळेत एक यंत्रमानव काम करत होता. कमरेपर्यंत उंच, खाली चाकं आणि वर आठ सडपातळ हात. प्रत्येक हाताच्या टोकाला काचेची बारीक नळी होती आणि तिच्यातून तो ताटल्यांवर थेंब सोडत होता. त्याचं नाव थेंब्या. त्याला मराठी येत होतं, पण ते त्याला पाठ्यपुस्तकांतून शिकवलं होतं, त्यामुळे तो साधं "बस" म्हणायच्या ऐवजी "कृपया आसनस्थ व्हावे" असं म्हणे.

आसनस्थ झाल्यावर ईश्वरीनं पहिला प्रश्न विचारला, की पाच औषधं खाऊनही ते जिवाणू मरत का नाहीत?

आज्जीनं भिंतीवरचा पडदा लावला. त्यावर हिरवट कांड्यांसारखे जीव वळवळत होते. हेच ताईच्या जखमेतले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव). यांचं नाव स्यूडोमोनास. ओल असेल तिथे हे सुखानं राहतात. मोरीत, गटारात, ओल्या मातीत. जिवाणूंना मारणाऱ्या औषधाला प्रतिजैविक म्हणतात. आता समजा, एका ठिकाणी लाखभर जिवाणू आहेत. त्यांतले बहुतेक लेचेपेचे, पण दोन-चार जन्मतःच चिवट. पुरेसं आणि योग्य औषध दिलं तर बहुतेक सगळे मरतात आणि उरलेल्या दोन-चारांना आपलं शरीरच संपवतं. पण दोनच कॅप्सूल घेतल्या, आणि त्याही भलत्याच रोगावरच्या, तर काय होईल? लेचेपेचे मरतील आणि चिवट उरतील. मग त्यांना जागाही मोकळी मिळते आणि खाणंही. त्यांची पिल्लावळही चिवटच निघते. तालमीत हे वर्षानुवर्षं चाललं होतं. औषधाला दाद न देण्याच्या या गुणाला प्रतिजैविक-रोध म्हणतात.

"म्हणजे आपणच त्यांना तालीम दिली," ईश्वरी म्हणाली.

आज्जीनं तिच्याकडे जरा कौतुकानं पाहिलं आणि पडद्यावरचं चित्र मोठं केलं. आता एकच जिवाणू दिसत होता. त्याच्या अंगावर बारीक बारीक नळ्या होत्या. आज्जी म्हणाली, हे याचे पंप. औषध आत शिरलं रे शिरलं, की हा ते पंपानं बाहेर फेकतो. पावसाचं पाणी घरात शिरल्यावर आपण बादलीनं उपसतो ना, तसं. पाचही औषधं ताईच्या रक्तातून बरोबर जखमेपर्यंत पोचत होती, जिवाणूच्या आतही जात होती, आणि पंपातून परत बाहेर येत होती.

ईश्वरीला त्या जिवाणूचा राग आला. खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं, आणि त्या कौतुकाचा तिला आणखी राग आला.

"मग घाणेरड्या पाण्यात काय आहे?"

आज्जीनं तिसरं चित्र लावलं आणि ईश्वरी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. पडद्यावर एक अजब प्राणी होता. कोनाकोनांचं डोकं, खाली दांड्यासारखी शेपटी आणि कोळ्यासारखे पाय. हा जिवाणूभक्षी (जिवाणूंवर जगणारा विषाणू) होता. तो जिवाणूपेक्षाही कितीतरी लहान असतो. जिवाणूच्या अंगावर उतरायचं, पायांनी पकड घ्यायची, शेपटीतून आपला मजकूर (स्वतःची प्रत कशी करायची याची कृती) आत सोडायचा आणि जिवाणूच्याच पोटात स्वतःच्या शेकडो प्रती करून घ्यायच्या, हा त्याचा धंदा. शेवटी जिवाणू फुटतो आणि ते शेकडो जण पुढची शिकार शोधायला निघतात. माणसाच्या पेशींना तो ढुंकूनही विचारत नाही.

"असला भारी गडी आहे, तर मग अडलंय कुठं?" ईश्वरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता चमक आली होती.

अडलं होतं ते असं. हे शिकारी फार चोखंदळ असतात. एक जात एकाच प्रकारच्या जिवाणूला धरते, आणि तेही त्याच्या अंगावरची ठरावीक जागा सापडली तरच. आज्जीच्या शीतकपाटात साडेतीनशे जातींचे जिवाणूभक्षी होते. थेंब्यानं त्या सगळ्यांचे थेंब ताईच्या जिवाणूंवर टाकून पाहिले होते. ताटलीवर जिवाणूंची दाट साय धरलेली असते. शिकाऱ्यानं जिवाणू मारले, की त्या सायीत गोल, स्वच्छ भोक पडतं. साडेतीनशेंपैकी दोघांनी भोकं पाडली होती, पण दुसऱ्या दिवशी ती भोकं पुन्हा भरून आली. जिवाणूंनी आपल्या अंगावरची ती जागाच बदलून टाकली होती.

म्हणून आज्जीला असा शिकारी हवा होता, जो त्या पंपालाच धरेल. आणि शिकारी सापडतो तिथेच, जिथे शिकार पिढ्यान्‌पिढ्या राहते. ताईचा जिवाणू बहुधा तालमीतून आला होता. तेव्हा तालमीचं गटार, तिथली मोरी आणि पैलवान अंग धुतात ती जागा, हेच पाणी तपासायला हवं होतं.

ईश्वरीनं तिथूनच वस्तादांना फोन लावला आणि सांगितलं, की मोठ्या शास्त्रज्ञ बाई उद्या सकाळी तालमीचं पाणी तपासायला येणार आहेत, ताईचा पाय त्यावर अवलंबून आहे. आनंदावस्ताद म्हणाले, काही काळजी करू नकोस, आम्ही सगळी तयारी ठेवतो.

आणि त्यांनी ठेवली. हीच तर गडबड झाली.

दुसऱ्या दिवशी आज्जी, ईश्वरी आणि थेंब्या विजेच्या गाडीतून माळेवाडीत उतरले, तेव्हा तालमीच्या दारात रांगोळी होती. सगळे पैलवान आंघोळ करून फेटे बांधून रांगेत उभे होते. थेंब्यालाही कुणीतरी फेटा बांधला, आणि तो म्हणाला, "मी आपला ऋणी आहे." मग वस्ताद पाहुण्यांना थेट मोरीकडे घेऊन गेले. मोरी पांढरीशुभ्र. गटार तर असं लखलखत होतं, की त्यात तोंड दिसावं. आणि सगळीकडे फिनेलचा वास सुटलेला, डोळ्यांतून पाणी यावं इतका.

"आता बघा, मंगलताई," वस्ताद छाती काढून म्हणाले. "काल दुपारपास्नं पोरं लागल्यात. ब्लिचिंग टाकलं, फिनेल टाकलं, तारेनं घासलं. एक डाग घावला तर नाव बदलतो."

आज्जीनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडायचं, हे माळेवाडीच्या हाडात भिनलेलं होतं. पाहुण्यांना घाणच हवी असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ईश्वरीनंही फोनवर ते सांगितलं नव्हतं.

थेंब्यानं तरीही मोरीतून, गटारातून आणि आखाड्याच्या मातीतूनही नमुने घेतले आणि गाडीतल्या फिरत्या यंत्रावर तपासले. कोणते जीव आहेत ते हे यंत्र घटकाभरात सांगत असे. थेंब्याचं उत्तर सगळीकडे एकच: "अपेक्षित जिवाणू आढळले नाहीत. जिवाणूभक्षीही आढळले नाहीत. आखाड्याच्या मातीत हळद, लिंबू व ताक आढळले."

वस्तादांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो दांडगा माणूस मटकन पायरीवर बसला. डब्यातल्या कॅप्सूलचंही त्यांना तेव्हाच कळलं. फेट्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले आणि पोरीचा पाय मीच घालवला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. ईश्वरी आधी त्यांच्यावर चिडली होती, पण त्यांना रडताना बघून तिचा राग ओसरला. ती मोरीकडे नुसती बघत राहिली.

आणि बघता बघता तिला एक साधी गोष्ट सुचली. मोरी आज धुतली, पण इतकी वर्षं तिथलं पाणी वाहून कुठं जात होतं? जिवाणू गेले असतील पाण्याबरोबर, तर शिकारीही त्यांच्या मागोमाग गेले असणार.

तिनं तसं वस्तादांना विचारलं.

"केळीला," वस्ताद म्हणाले. "मागं आपली केळीची बाग हाय की. पैलवानांचं समदं सांडपाणी तिकडंच सोडलंय, म्हणून तर एवढी पोसलीत."

"मग कालचं फिनेलही तिकडंच गेलं?"

वस्तादांनी मान वर केली. त्यांचे डोळे मोठे झाले.

"न्हाई. फिनेलनं केळी जळतील म्हणून मी मातीचा बांध घातला आणि पाणी रस्त्याकडं वळवलं."

पुढं काय झालं ते सांगायला मला धाप लागते, कारण सगळेच धावले. फेटेवाले पैलवान पुढं, मागं ईश्वरी, तिच्या मागं पदर खोचलेली आज्जी, आणि सगळ्यांत शेवटी, ढेकळांवरून उडत आणि "कृपया थांबावे" म्हणत थेंब्या. केळीच्या बुंध्यांशी काळा, चिकट, बुडबुड्यांचा चिखल साचला होता. त्याचा वास कसा होता ते मी लिहीत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. सगळे नाकाला हात लावून उभे होते आणि आज्जी मात्र देवघरात आल्यासारखी प्रसन्न दिसत होती. थेंब्यानं आठही हात चिखलात घातले, नमुने गाडीतल्या यंत्राला दिले आणि घटकाभरात निकाल आला.

"जिवाणू आढळले," तो म्हणाला. "जिवाणूभक्षी आढळले. प्रमाण विपुल आहे."

त्या दिवशी प्रयोगशाळेत ईश्वरीनं आज्जीचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. चिखल पाण्यात कालवून ते पाणी एका गाळणीतून गाळलं. या गाळणीची छिद्रं इतकी बारीक, की जिवाणू वरच अडकतात आणि त्यांच्याहून लहान असलेले जिवाणूभक्षी खाली उतरतात. आपण पिठातला कोंडा चाळतो ना, अगदी तसं. मग ते पाणी थेंब थेंब करून ताटल्यांवर सोडायचं, उबदार पेटीत ठेवायचं आणि वाट बघायची. हे वाट बघणं ईश्वरीला सगळ्यात जड गेलं.

सकाळी पेटी उघडली. तिसऱ्या ताटलीत, हिरव्या सायीच्या मधोमध, नितळ गोल भोक पडलेलं होतं.

ईश्वरीनं उडी मारली. आज्जीनं तिचा खांदा दाबला, कारण खरी परीक्षा पुढेच होती. भोकं तर आधीच्या दोघांनीही पाडली होती. हा शिकारी जिवाणूला धरतो तरी कुठं? सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं उत्तर मिळालं. चिखलातला हा बहाद्दर बरोबर पंपावर उतरत होता. त्याच नळीला तो पायांनी विळखा घालत होता, जिच्यातून जिवाणू औषधं बाहेर फेकत होता.

दुपारी ताटलीच्या कडेला काही जिवाणू वाचलेले दिसले. ईश्वरीचा चेहरा पडला. म्हणजे हेही आधीसारखंच झालं, तिला वाटलं. पण आज्जीला जणू हेच हवं होतं. तिनं ते वाचलेले जिवाणू उचलून दुसऱ्या ताटलीवर वाढवले आणि त्यांच्यावर पाचांपैकी पहिलं, जुनं औषध टाकलं. काही दिवसांपूर्वी त्या औषधाला त्यांनी जुमानलंही नव्हतं. दुसऱ्या सकाळी ती ताटली कोरी करकरीत होती.

हे कसं झालं? ईश्वरी ते सांगायला धावतच ताईच्या खोलीत गेली. आई उशाशी बसली होती. ताई तापानं मलूल पडली होती, तरी ईश्वरी भराभर सांगत सुटली. शिकारी पंपाला धरतो. जिवाणूला वाचायचं असेल तर त्यानं पंपच टाकून द्यायला हवा. जे वाचले त्यांनी तेच केलं होतं. पण पंप टाकला, की औषध बाहेर कशानं फेकणार? औषध आतच राहतं आणि त्याला मारतं. पंप ठेवला तर शिकारी मारतो, पंप टाकला तर औषध मारतं.

केतकीनं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर पैलवानाचा आवेश आला.

"हा तर पेच आहे," ती म्हणाली. "पाय वाचवायला वाकला की मान सापडते, मान वाचवायला सरळ झाला की पाय सापडतो. असल्या पेचात मी भल्याभल्यांना चीत केलंय."

आज्जी दारात उभी होती. ती म्हणाली, की पुस्तकातल्या अख्ख्या प्रकरणापेक्षा ताईनं हे सोपं करून सांगितलं.

मात्र गाळलेला चिखल कुणी लगेच जखमेवर ओतत नसतं. थेंब्यानं आणि आज्जीनं शिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा धुऊन, त्यांच्याबरोबरची जिवाणूंची विषं काढून, त्यांना शुद्ध केलं. डॉक्टरांच्या समितीनं तपासून तातडीची परवानगी दिली. डॉक्टरांनी केतकीला सगळे धोके समजावून सांगितले, आणि तिनं स्वतः सही केली. मग जखमेवर थेंब आणि शिरेतून जुनं औषध, दोन्ही एकाच वेळी सुरू झालं.

पहिल्या दिवशी पट्टी नारिंगीच राहिली. शस्त्रक्रियेची वेळ ठरून गेली होती. बाबा खिडकीशी उभे होते. दुसऱ्या दिवशी ईश्वरीला पट्टी जराशी फिकी वाटली, पण आपल्याला वाटतंय ते खरं असेल याची तिला खात्री नव्हती. तिनं थेंब्याला बोलावलं. त्यानं एक नळी पट्टीजवळ नेली.

"रंग उतरत आहे," तो म्हणाला, आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "मला आनंद झाला आहे. हे वाक्य मी प्रथमच उपयोगात आणत आहे."

तिसऱ्या दिवशी पट्टी पिवळी झाली आणि ताप उतरला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया रद्द केली. इतके दिवस एकदाही न रडलेली केतकी तेव्हा मात्र आईच्या कुशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

आज्जीचं काम तिथं संपलं नाही, उलट तिथून सुरू झालं. एका पेशंटला गुण आला म्हणजे औषध तयार झालं, असं विज्ञानात चालत नाही. हा शिकारी आणि जुनं औषध यांची जोडी आता सहा दवाखान्यांत, शेकडो रुग्णांवर, काळजीपूर्वक तपासली जाते आहे. शिकाऱ्याच्या पायांतला जो भाग पंपाला धरतो, तेवढाच वेगळा काढून त्याचं नवं औषध करता येईल का, हेही थेंब्या रोज बघतो. आज्जीनं ईश्वरीला एक गोष्ट मुद्दाम बजावून सांगितली. जिवाणू या पेचातूनही कधीतरी सुटायला शिकतील. तोवर आपला पुढचा पेच तयार हवा, आणि हातातली औषधं उगाच वापरून बोथट करायची नाहीत. ईश्वरी म्हणाली, की पुढचा पेच मी शोधेन. आज्जी हसली नाही. तिनं थेंब्याला सांगून ईश्वरीच्या मापाचा पांढरा कोट मागवला.

पावसाळा सरला आणि केतकी पुन्हा लाल मातीत उतरली. पहिलीच कुस्ती शेजारच्या गावच्या मुलीशी होती. केतकीची ताकद अजून भरून आली नव्हती. थोड्याच वेळात ती चीत झाली. तालीम गप्प झाली. आणि त्या शांततेत एकटी ईश्वरी उभी राहून टाळ्या वाजवत होती, हात लाल होईपर्यंत.

केतकी माती झटकत उठली आणि रागानं तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हरलेय मी. टाळ्या कसल्या वाजवतेस?"

ईश्वरीनं खाली बघितलं. लाल मातीत ताईचे दोन्ही पाय घट्ट रोवलेले होते. ती टाळ्या वाजवतच राहिली.